पुलीवरचं कुंकू

"इरम्मा, आता सरक मागं. खंडेनवमीच्या पूजेला स्वामी यायलेत," गुरुसिद्धप्पा सावकार म्हणाले.

इरम्मा बत्तीच्या जाळावर इंजिनाचं डोकं तापवत होती. ते लालबुंद झालं की चाकाला हिसका द्यायचा, मग इंजिन सुरू व्हायचं. तिचा नवरा शिवप्पा सास्तूरच्या वाटेवरच्या सावकारांच्या या कापसाच्या जिनिंगवर इंजिन चालवणारा डायव्हर. पटकीनं तो गेला, तेव्हापासून इंजिन तीच चालवत होती. लढाईमुळे निजामाच्या मुलखात रॉकेल दिसेनासं झालं, तर करडईच्या तेलावरही तिनं ते ओढलं. तरी सावकार तिला कापूस निवडणाऱ्या बायकांतच धरायचे. खंडेनवमीला ज्याच्या डोक्याला फेटा, तो वर्षभराचा डायव्हर, अशी तिथली रीत. यंदा तुझा विचार करू, असं सावकार श्रावणात बोलून गेले होते आणि त्या एका बोलण्यावर बाई आजपर्यंत जगत होती.

"इंजनाला कुंकू म्याच लावते की. चालवते म्याच न्हवं?"

"येडी का काय तू? रंडक्या बाईनं कुंकू लावायचं? अन् हंगामाच्या तोंडावर?"

"माझ्या बी गळ्यात इष्टलिंग हाय, सावकार. रोज माझ्याच हातानं पुजते."

"ते घरात."

फेटा गाडीवान बलभीमच्या डोक्यावर चढला. इंजिनाला हात कसा लावायचा, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "अक्का, म्या मागितला न्हाय."

मागितला नाही हे खरं. पण काढलाही नाही.

इरम्मा भिंतीला जाऊन उभी राहिली. स्वामींनी विभूती लावली. मग बलभीमनं तुपात कालवलेलं कुंकू हौसेनं सगळीकडं फासलं. चाकाला, टाकीला आणि पट्टा जिच्यावर फिरतो त्या पुलीलाही. नारळ फुटला. तिनं तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं आणि शाबासकी बलभीमला मिळाली. तेवढ्यात तुपावरून पट्टा घसरला आणि फाडदिशी खाली पडला. सरकी काढायची यंत्रं जागची हलेनात.

"बंद कर, बंद कर!" सावकार ओरडले.

अपशकुन झाला, अशी कुजबुज सुरू झाली. कुणाचा, ते बोलायची गरज नव्हती. सगळे भिंतीकडंच बघत होते.

"इरम्मा, बघत काय उभी राह्यलीस? ये, पूस ते कुंकू."

लावायला न चालणारा हात पुसायला चालत होता. तिला वाटलं, तडक घरी निघून जावं. पण घरी चूल होती, इंजिन नव्हतं.

तिनं बत्तीतल्या उरल्यासुरल्या रॉकेलात चिंधी भिजवली आणि पुली घासायला घेतली. शिवप्पा गेला त्या दिवशी बायकांनी तिचं कपाळ असंच घासून पुसलं होतं. एक ठिपका राहू दिला नव्हता. तिनंही राहू दिला नाही.

मग पट्टा चढवला, तळव्यानं चाचपून पाहिला आणि बाजूला झाली.

"चालू कर, डायवर," ती बलभीमला म्हणाली.