कंदिलाच्या खिळ्यावरची तांब्याची पट्टी

“सून नि इंजिन एकाच महिन्यात आणू नये गो वयनी. दोन्हीतलं एक खोटं निघालंच बघ. आता कुठलं, ते तूच वळख.”

रंगूआत्या हे बोलली ती पडवीत, सुपात तांदूळ पाखडता पाखडता, नि बोलली ती आपल्या भावजयीशी, गिरजाशी. जिच्याबद्दल बोलली ती नवी सून सावळी माजघराच्या दाराआड कंदिलाची काच पुसत होती. तिनं ऐकावं असं कोणाच्या मनात नव्हतं, पण तिनं ऐकलं. काच पुसणं थांबलं नाही. फक्त एकच जागा ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

मला हे ठाऊक, कारण तो कंदील जिला टांगतात ती पट्टी मीच. तांब्याच्या बारीक तारांची वेणीसारखी विणलेली, हातभर लांब, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना एकेक भोक असलेली पट्टी बोलतेय. कंदील टांगायला कोणी मला घडवलं नव्हतं. मी मोटारीची.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला, लढाईच्या दिवसांतला. एका हिरव्या लष्करी लॉरीच्या पोटात मला बसवलं नि बोटीतून इकडं आणलं. लढाई संपली, कल्याणच्या छावणीतल्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, नि मुरबाडजवळच्या गोमानं, गिरजाच्या नवऱ्यानं, आमची लॉरी घेतली.

माझं काम सोपं होतं. वीज बॅटरीतून निघते, तारांतून जाते, काम करते नि परत येते. जायला तारा असतात, परत यायला गाडीचं लोखंड. पण इंजिन बसवतात रबराच्या गाद्यांवर, त्याला हादरे बसू नयेत म्हणून. म्हणजे ते गाडीत असतं, पण गाडीला कुठं टेकलेलं नसतं. माझं एक टोक इंजिनाला, दुसरं गाडीच्या लोखंडाला. इंजिनापर्यंत गेलेली वीज माझ्यावरून घरी परतायची. मिस्त्री मला अर्थिंगची पट्टी म्हणतात. वाशिंद स्टेशनावर गवताच्या गासड्या नेताना, कोळसा नेताना, भाताची पोती नेताना कोणी माझ्याकडं वाकून बघितलं नाही. सगळं नीट चाललेलं असलं की माणसं वाकून बघत नाहीत.

मग एका पावसाळ्यात त्या रबराच्या गाद्या कुजल्या. नव्या मिळेनात. गोमानं लोखंडाचे तुकडे ठोकून इंजिन त्यांवर बसवलं. लोखंड लोखंडाला भिडलं, वीज तिथूनच परतू लागली. पाना फिरवताना माझी अडचण व्हायची.

“हिचं काय काम आता?” असं म्हणून गोमानं मला काढलं नि पडवीत टाकलं.

गिरजानं उचललं. एक भोक खिळ्यात अडकवलं, दुसऱ्यात आकडा घातला नि कंदील टांगला. तिला मी सोयीची वाटले. मला मात्र समोरच्या अंगणात दहा पावलांवर उभी असलेली माझी लॉरी रोज दिसायची. ती सकाळी जायची, सांजेला यायची. तिनं कधी मान वळवली नाही. माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं, हे सात वर्षं टांगून घेऊन बघणं सोपं नसतं. अंगावर काजळी चढली. तीही बरीच म्हणायची, निदान तिनं कोणाला काही दिसू दिलं नाही.

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात जुनं इंजिन तडकलं. कल्याणहून तसल्याच दुसऱ्या लॉरीचं इंजिन आणलं. शहापूरचा देवराम मिस्त्री ते बसवायला आला. त्याच आठवड्यात गोमाच्या मुलाचं, दामूचं, लग्न होऊन शेणव्याहून सावळी घरात आली. एकाच सकाळी इंजिनाला कुंकू लावून नारळ फोडला नि सुनेला पाटावर बसवून ओवाळलं. दोन्हींचं कौतुक सारखंच झालं.

देवराम म्हणाला, “गोमाशेट, हे लोखंडाचे तुकडे काढून टाकतो. नवीन इंजिनाला नवीन गाद्या देऊ. त्याला धक्का बसाया नको.”

“दे की. मानानं बसव,” गोमा म्हणाला.

आणि मानानं, मऊ गाद्यांवर, कुठंच न टेकता इंजिन बसलं. मी खिळ्यावरून बघत होते. माझी जागा मोकळी होती. पण देवरामनं आमची लॉरी पूर्वी कधी उघडलेली नव्हती. तिथं काही असायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. गोमाला ठाऊक होतं, पण तो विसरला होता. आणि पट्टीला कुठं तोंड असतं?

पहिल्याच दिवसापासून इंजिन अडखळू लागलं. चालू व्हायला कुरकुर, झालं तर अंगात हीव भरल्यासारखं थरथर. खड्डा आला की एक ठोका चुकायचा, चढाला दोन. दिवे लावले की मान टाकायचं. देवरामनं प्लग बदलले. पॉइंट घासले. एकेका प्लगची वायर काढून कान लावून ऐकलं. कॉइल बदलली, बॅटरी कल्याणला नेऊन भरून आणली. दर खेपेला म्हणायचा, “आता बघा,” नि सगळे बघायचे, नि इंजिन खोकून बंद पडायचं.

“इंजिनच खोटं हाय,” तो शेवटी म्हणाला. मिस्त्रीनं एवढं म्हटलं की त्याची सुटका होते.

ह्या खटाटोपात सावळीलाही काम लागलं. दामू पुढं इंजिन फिरवायच्या हँडलपाशी, देवराम इंजिनावर ओणवा, मग आत बसून स्टार्टरचं बटन दाबायला नि चोक ओढून धरायला माणूस हवं. डोक्यावर पदर घेऊन ती लॉरीत चढायची. गोमा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा असायचा, पण नव्या सुनेशी सासरा कसा बोलेल?

“दामू, तिला सांग, बटन दाब.”

“बटन दाब गो.”

“तिला सांग, सोड आता.”

दामूच्या तोंडून येईपर्यंत तिनं ते केव्हाच केलेलं असायचं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं एकदम हात मागं घेतला. चोकची तार तापली होती. सांजेला तिनं दामूला हळूच सांगितलं. तो हसला. “इंजिन हाय ते. तापंल नाय तर काय गोठंल?” दुसऱ्या दिवशी त्यानं ते देवरामला सांगितलं, नि देवरामही हसला. “वयनींना म्हणावं, फडक्यानं धरा. चुलीवरची तपेली धरतात तशी!”

त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही. बोलली ती माझ्याशी. म्हणजे कंदिलाशी, पण कंदील माझ्यावरच लटकतो, तेव्हा मी ते माझंच धरते. वात नीट करताना ती पुटपुटली, “सुरू व्हायच्या आधीच तापते. थंड इंजिनाची तार तापंल कशी?”

मला कळत होतं. विजेला परतायची वाट राहिली नव्हती. चोकची जी एक बारीक तार इंजिनापासून गाडीपर्यंत पोचत होती, तिच्यावरून सगळी वीज कशीबशी घरी येत होती. ती तार त्या कामाची नव्हती. एवढं ओझं तिनं कधी वाहिलेलं नव्हतं, म्हणून जळत होती.

पहिल्या दिवशी कंदील लावताना गिरजानं तिला बजावलं होतं, “त्या पट्टीला हात जपून लाव. गाडीची हाय, मामंजींनी काढलेली. तांबं हाय, तापतं.” सावळी कुठलीच गोष्ट विसरत नसे. लक्षात ठेवायला तिला दुसरं काही मिळतच नव्हतं. घरात चार माणसं, नि दिवसभरात तिच्या वाटणीला येणारे शब्द म्हणजे पाणी, चूल, झाडू.

झाडूनंच पुढचं झालं. लॉरीखालचं अंगण झाडताना ती वाकली नि थांबली. लोखंडावर एक रिकामा बोल्ट होता. त्याच्याभोवती गंज नव्हता. जुन्या हिरव्या रंगात दोन बोटं रुंद खूण होती, नि खुणेत बारीक वीण उमटलेली. वर्षानुवर्षं घातलेली बांगडी काढली की हातावर खूण राहते, तशी. वर इंजिनाला तसाच एक रिकामा बोल्ट.

दुसऱ्या सकाळी कोणी नाही बघून तिनं कंदील उतरवला, मला खिळ्यावरून काढलं, पदराखाली घेतलं नि लॉरीखाली शिरली. मला त्या खुणेवर धरलं. वीण विणीवर बसली. दुसरं टोक वर इंजिनाच्या बोल्टापर्यंत नेलं. पुरलं.

सात वर्षांनी मी माझ्या जागी होते. श्वासभरच.

मग तिनं मला परत आणलं नि खिळ्याला अडकवलं. कोणाला सांगणार? नवरा हसला होता. मिस्त्री हसला होता. सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. सासूशी बोलावं, तर जिला खोटी ठरवली तीच इंजिनाची चूक सांगतेय म्हटलं असतं. त्या सांजेला तिनं माझ्यावरची काजळी चिंच लावून घासली. मी लखलखले. घरात कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

म्हसा गावची जत्रा जवळ येत होती. पौषी पौर्णिमेला मुरबाडच्या दुकानदारांचा माल आमच्या लॉरीनं जत्रेला पोचतो, हे बारा गावांना ठाऊक. त्या वर्षी लॉरी अंगणात खोकत उभी. रंगूआत्याचं म्हणणं आता गोमाच्याही मनात बसलं होतं. जेवताना तो भिंतीकडं बघून म्हणाला, “जत्रेआधी गाडी सुधारली तर ठीक. नाय तर दामू, तिला शेणव्याला पोचव. ती गेल्यावर काय फरक पडतो बघू.”

“किती दिवस, आबा?”

“बघू म्हटलं ना.”

‘बघू’ म्हणून माहेरी पाठवलेल्या सुना कधी परत येतात, हे पडवीतल्या खिळ्यालाही ठाऊक असतं. दामू तिला म्हणाला, “चार दिवस जाऊन ये गो. आबांचा राग निवंल.” दोन लुगडी, फणी नि हळदी-कुंकवाचा करंडा तिनं गाठोड्यात बांधला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

जत्रेच्या तीन दिवस आधी सकाळी नऊच्या एसटीनं जायचं ठरलं. तरी गोमानं शेवटचं एकदा देवरामला बोलावलं. दामू हँडलपाशी गेला. सावळी जायच्या लुगड्यातच लॉरीत चढली.

“तिला सांग, दाब.”

इंजिन कण्हलं, दोनदा फटफटलं, नि चोकच्या तारेतून धूर निघाला. मग सगळं गप्प. रंगूआत्या दारात उभी राहून म्हणाली, “बघा. मी म्हणतच होते.”

गोमानं खांद्यावरचा पंचा झटकला. “झालं. दामू, एसटीची वेळ झाली. तिला सांग, गाठोडं घे.”

सावळी खाली उतरली नि घरात गेली. सगळ्यांना वाटलं, गाठोडं आणायला. ती माझ्याजवळ आली, कंदील खाली ठेवला, मला खिळ्यावरून काढलं. तिचा हात गार होता. घट्ट होता. पदर सारखा करून ती अंगणात आली, दामूच्या बाजूनं पुढं गेली नि थेट गोमाच्या समोर उभी राहिली. मला दोन्ही हातांवर धरून ती बोलली. तिचा आवाज त्या अंगणानं पहिल्यांदाच ऐकला. ती काय बोलली ते शेवटाला सांगते.

रंगूआत्याच्या हातातलं सूप तिरकं झालं. गोमा माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मला ओळखलं. सात वर्षं माझ्यावर टांगलेल्या कंदिलाच्या उजेडात जेवला होता, नि ओळखलं ते आता. देवराम पुढं आला, मला उलटसुलट करून बघितलं, मग लॉरीखाली बघितलं, नि कपाळावर हात मारून घेतला. त्यानं कानशीनं बोल्टांवरचा मळ खरवडला, दोन्ही टोकं पक्की आवळली.

दामू हँडलपाशी जाऊ लागला तर गोमानं त्याला हातानं थांबवलं. तो सुनेकडं वळला, घसा खाकरला.

“सावळे,” तो म्हणाला, “बटन दाब.”

तिनं दाबलं. वीज इंजिनापर्यंत गेली नि माझ्यावरून, माझ्या एकेका तारेवरून, घरी परतली. इंजिन एका दमात सुरू झालं. दिवे लावले, तरी ठोका चुकला नाही. नऊची एसटी रिकाम्या हातानं गेली. लॉरी म्हशाच्या जत्रेला भरून गेली, नि गाठोडं कोणी सोडलं ते मला माहीत नाही. मी तेव्हा लॉरीच्या पोटात होते.

नऊ वर्षं तिथं होते. माझ्याकडं पुन्हा कोणी वाकून बघितलं नाही, एका सावळीवाचून. सहासष्ट साली लॉरी मोडीत निघाली. ती न्यायला माणसं आली त्या सकाळी सावळीनं पान्यानं स्वतः मला सोडवलं नि ह्या खिळ्याला आणून अडकवलं. माझी लॉरी तुकड्यातुकड्यांनी गेली. यंदा घरात विजेचा दिवा आला. कंदील माळ्यावर गेला. आता माझ्या खालच्या भोकात काही नसतं. वाऱ्यानं मी भिंतीवर जराशी हलते, तेवढीच.

सावळी अजून फार बोलत नाही. जाता येता कधी बोट लावते, मी गार आहे बघते, नि आत जाते. मला तेवढं पुरतं, असं म्हणते मी. खरं म्हणजे पुरत नाही.

घरात नवं काही आणाल, इंजिन म्हणा, माणूस म्हणा, तर ते अडखळल्यावर त्याला खोटं म्हणायच्या आधी एकदा वाकून बघा, ते घराला कुठं टेकलंय का. माझं मागणं एवढंच. बाकी ती त्या सकाळी अंगणात, सगळ्यांसमोर, मला दोन्ही हातांवर धरून बोललीच आहे:

“मामंजी, ही तुमी काढलेली गाडीची पट्टी. आधी हिला हिच्या जागी लावा, मग मला कुठं धाडायचं ते ठरवा.”