पाणी जाईल म्हणालेली बाई

तलासरीच्या पूर्वेकडचा डोंगरपाडा. २०१६ सालच्या मे महिन्यातली नेहमीसारखीच सकाळ. बायका झऱ्यापाशी वाट्या घेऊन बसलेल्या. वाटीने पाणी खरवडायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा झिरपायची वाट बघायची. तोवर कुणाच्या सुनेची, कुणाच्या हरवलेल्या कोंबडीची चौकशी. विधवा नवशीचा हंडा सगळ्यांत शेवटी भरला. दुसऱ्या दिवशी वाटीत नुसता चिखल आला.

दोन वर्षांपूर्वी पाड्याने झऱ्यावरच्या टेकडीची झाडं तोडायला दिली होती. पुढारी होता नवशीचा दीर, हिरू. ऐन, खैर भरून ट्रक अच्छाडच्या रस्त्याला लागले. वाघदेवाचा दगड तेवढा मागे उरला, भर उन्हात. तेव्हा नवशी एकटीच ट्रकपुढे उभी राहून ओरडली होती, "हिरू, झाडां गेली तं पानी जाईल!" ट्रकवाले हसले. पाडाही हसला.

आता मात्र तिचे शब्द सगळ्यांना लख्ख आठवले.

झरा कुणामुळे आटला ते सांगायला हिरूच्या अंगणात भगत दाणे पाहायला बसला. दाणे टाकून कौल बघायला वाडगाभर पाणी लागतं. तेही नवशीच्याच हंड्यातून आणलं.

"झऱ्यावर बाईची जीभ पडलीय," भगत म्हणाला.

कोणाची, हे कुणी विचारलं नाही. सगळे नवशीकडे वळले.

"वहिनी, पानी जाईल, तूच बोललीस ना?" हिरूने विचारलं.

"बोलले. तुझ्या तोंडावर बोलले."

"कबूल झाली! भुताळी हाय ही!"

नवशीला हसूच आलं. "अरे, माझ्या जिभेत एवढां बळ असतां, तं झाडां पडली असती काय?"

एकदोघींनी पदर तोंडाला लावला. पण हिरू नवशीच्या मुलाकडे वळला. "बाळ्या, आयसचा हंडा भायेर ठेव. नायतर तुझां घर पन वाळीत."

बाळ्याने पोटुशी बायको शुक्रीकडे पाहिलं, आणि हंडा पाड्याबाहेर नेऊन ठेवला.

नवशीने तो उचलला. "वाटी घरात रेली गो शुक्री. तुलाच ठेव."

अच्छाडच्या एका ढाब्यावर भांडी घासताना ती कुणाला दिसली म्हणे. पुढे तेही कानावर आलं नाही.

झरा काही परतला नाही. बायका लांबच्या डबक्यावरून पाणी आणू लागल्या. पावसाळ्यात उघड्या टेकडीची लाल माती त्यात उतरली. बायका गेल्यावर झऱ्यावर येणारं भेकर तहानेने पाड्यात शिरलं, कुत्र्यांनी फाडलं. पुढच्या मे महिन्यात हिरूने पुन्हा भगत बोलावला. जुनी भुताळी गेली होती. नवी हवी होती. बायका आपसात 'पाणी' हा शब्दसुद्धा उच्चारेनात.

"वाडग्यात पानी आना," भगत म्हणाला.

पोर काखेत, सासूची वाटी हातात, शुक्री उठली. "नाय देनार."

"मग दाने कशात बघू?"

"नका बघू. सासूला काढलां, पानी आलां काय? हिरूकाका, टेकडी उघडी ठेवली तं उरलांसुरलां पानी पन जाईल. हां, मी बोलले. परत बोलते. पानी जाईल!"

हिरूने बाळ्याला शुक्रीच्या हंड्याकडे खूण केली. बाळ्याने या खेपेला हंड्याला हात लावला नाही. पण उठून बायकोच्या शेजारीही तो गेला नाही.

शुक्री उभीच आहे. तिच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे.