खांबांचं पोट

सुताराची बायको वर्गात फळ्यापुढे कोसळली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. शाळेचा शिपाई सायकल दामटत कारखान्यावर आला तेव्हा सुतार एका दाराला बिजागरी बसवत होता. "बाई गेल्या हो," एवढंच शिपाई बोलला. सुताराने उरलेले दोन स्क्रू पिळले, दार उघडून-मिटून पाहिलं आणि मग मटकन खाली बसला. ते स्क्रू आधी का पिळले, हे त्याला अजूनही सांगता येत नाही.

बाई चित्रकला शिकवायच्या. त्या वर्षी पाचवीच्या मुलांना त्यांनी जुन्या ग्रीक आणि रोमन इमारती शिकवायला घेतल्या होत्या, त्याही हाताने. कागद भिजवून लगदा करायचा, त्याचे खांब घडवायचे, खांबांवर ग्रीक देऊळ उभं करायचं. बारा खांब तयार झाले होते. छप्पर राहिलं होतं आणि त्यानंतर रोमन कमानी.

महिन्याभराने मुख्याध्यापिका घरी आल्या.

"पालकसभेला मुलांना ते देऊळ मांडायचंय. छप्पर तुम्ही करून द्याल? दुसऱ्या कुणाला पोरं हात लावू देत नाहीत. तुम्ही बाईंच्या घरचे, म्हणून चालाल म्हणतात."

सुताराने खांबांचं खोकं घरी आणलं. खांब टेबलावर ओळीने मांडले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक खांब धड असेल तर शपथ! सगळे मधे फुगलेले. लहान पोरांचे हात, दुसरं काय? पण उद्या लोक पाहणार आणि नावं बाईंना ठेवणार. तिच्या शेवटच्या कामात खोट दिसता कामा नये, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं. दोन दिवस तो कानस आणि पॉलिशपेपर घेऊन बसला. काटकोन तपासायचा गुण्या लावून लावून त्याने बाराही खांब सुतासारखे सरळ केले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला दोन घास गोड लागले.

तिसऱ्या दिवशी त्याने वर्गात खोकं उघडलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठून आत डोकावली. शब्दाला शब्द द्यायची म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत.

"काका, पोट कुठे गेलं?"

"कसलं पोट?"

"खांबांचं! उंदरांनी खाल्लं की काय?"

"अगं, वाकडे होते ना. सरळ केले."

मागच्या बाकावर कुणीतरी मुसमुसायला लागलं.

"वाकडे नव्हते," वकीलबाई म्हणाली. "मुद्दाम केले होते. बाईंनी तीन-तीनदा मोडून परत करायला लावले होते."

तिने कपाटातून सरावाचा एक जुना, फुगीर खांब काढला. सुताराचे सहा सरळ खांब खिडकीत ओळीने मांडले आणि मधे तो ठेवला. मग सुताराची बाही धरून त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"आता बघा. पट्टीने नाही, डोळ्यांनी."

सुताराने पाहिलं. त्याचे खांब मधे किंचित आवळल्यासारखे दिसत होते. जुना तेवढा नीट उभा होता.

"अगदी सरळ केला की डोळा फसतो," ती म्हणाली. "म्हणून ग्रीक लोक खांबाला थोडं पोट ठेवायचे. परीक्षेला येणार होतं."

सुताराला आठवलं. बायको एकदा जेवताना म्हणाली होती, "अहो, खांबालाही पोट असतं, माहितीये?" त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हटलं होतं, "मग मीही खांबच की!" ती हसली होती. पुढे काही सांगणार होती, पण त्याने भात मागितला आणि विषय तिथेच राहिला.

"चुकलं माझं," तो वर्गात येऊन म्हणाला. "मला शिकवाल?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मुसमुसणाऱ्याने नाक पुसलं आणि विचारलं, "तुम्हाला लगदा तरी भिजवता येतो का?"

येत नव्हता. पाणी जास्त झालं. "काका, ही आमटी झाली," वकीलबाई म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. तोही हसला.

तेव्हापासून दर शनिवारी सुतार शाळेत जातो. गुण्या घरी ठेवून जातो. पोरं त्याला हुकूम सोडतात, "काका, जरा खाली! पोट मधोमध नसतं!" तो निमूट ऐकतो. मधल्या सुट्टीत ती बाईंच्या नकला करतात, तेव्हा तो चहा गार होऊ देतो.

पालकसभा होऊन गेली. देऊळ मांडलं गेलं नाही. मुख्याध्यापिकांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

अकरा खांबांना पुन्हा पोट आलंय. बारावा मुलांनी त्याच्यासाठी ठेवला आहे. तो एकट्याने करायचा, असा वकीलबाईचा निकाल आहे. त्याने चार वेळा लगदा चढवला आणि चार वेळा खरवडून काढला. तो खांब अजून झालेला नाही. छप्पर घातलेलं नाही. कमानी शिकवायला अजून कुणी आलेलं नाही.