वडिलांकडून आलेलं

महामाया बुलढाण्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचे वडील भाऊराव चव्वेचाळिसाव्या वर्षी संत्र्याच्या बागेत बसल्या जागी गेले होते. काका त्याही आधी, एकेचाळिसाव्या वर्षी. घरात त्याला नुसतं ‘झटका’ म्हणत. एका दुपारी काम कमी होतं, म्हणून तिनं स्वतःचं रक्त मशीनला लावलं. कोलेस्ट्रॉल तीनशे चाळीस, दोनशेच्या आत हवं ते. वय सव्वीस, वजन पन्नास किलोही नाही.

रविवारी ती संग्रामपूरजवळच्या गावी गेली आणि थोरला भाऊ अश्वजित याचं रक्त घेऊन आली. ते तीनशे नव्वद निघालं.

डॉक्टरांनी अश्वजितच्या टाचेमागची जाड झालेली धोंडशीर दाबून पाहिली. “हे खाण्यापिण्यानं झालेलं नाही, वडिलांकडून आलंय. चाला, तंबाखू सोडा, तेल-तूप कमी करा. पण गोळी रोज, जन्मभर. आता सुरू केली तर पुढं हृदयाचं ऑपरेशन टळू शकतं.”

अश्वजित चौतीस वर्षांचा, कृषी केंद्रात खताची पोती उचलणारा. त्यानं तंबाखूची पुडी दवाखान्याच्या पायरीवरच टाकली, आणि सहा महिने दोघांनीही गोळी चुकवली नाही.

मग महामायाला मेहकरचं स्थळ आलं. मुलगा तलाठी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईनं, सिंधूताईनं, दोघांच्या गोळ्या पेटीत तळाशी टाकल्या.

“माय, खरं ते सांगू ना.”

“लग्न झाल्यावर सांग. चार महिन्याचा तं सवाल आहे.”

महामायानं मुलाला एकट्यात सांगितलं. रोज गोळी लागते, पुढं लेकरांचंही रक्त तपासावं लागेल. तो शांतपणे ऐकत होता. चांगला वाटला तिला. आठ दिवसांनी नकार आला. नंतरच्या दोन स्थळांना सगळं आधीच माहीत होतं.

सिंधूताईनं तिच्याशी बोलणं सोडलं. अश्वजित मात्र बोलला. “तुह्या कागदानं घर नासवलं. उद्या माह्या पोरीले, पूनमले, कोण करीन?”

त्यानं गोळ्या बंद केल्या. महामाया फोनवर विचारायची, तेव्हा ‘हाव, घेतली’ म्हणायचा. त्याची बायको सुचिताही तेच सांगायची, कारण तिला तसं बजावलेलं होतं.

अडीच वर्षांनी तो पोती उतरवताना कोसळला. अकोल्याला तपासणी झाली. सर्जननं महामायाला पडद्यावर दाखवलं. “हृदयाच्या तिन्ही शिरा बंद आहेत. बायपासची नळी जोडायला पुढची शीर तरी धड पाहिजे. यांची टोकापर्यंत गेलीय. जोडायचं कुठं?”

“गोळी घेतली असती तर?”

“आता घ्यायची,” ते म्हणाले. “जेवढे दिवस मिळतील तेवढे.”

घरी आणल्यावर अश्वजितला संडासापर्यंत जाता-येता दोनदा बसावं लागे. एकदा त्यानं तिला जवळ बोलावलं. “त्या डॉक्टरनं सांगतलं होतं ना, आपरेशन टळन म्हणून?”

“हाव, दादा.”

“टळलं,” तो म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

त्या दिवशी तिनं पिशवीतून रक्त घ्यायची सुई काढली. पूनम आठ वर्षांची होती, ओसरीत गृहपाठ करत होती. सुचितानं महामायाचा हात धरला. “नको, ताई.”

“काऊन, वहिनी? दादाचं पाहून राह्यल्या ना तुमी? तिले आता कळलं तं तिचं असं होनार नाई.”

“पाहून राह्यली, म्हणूनच. मले रोज एकाकडं पाहता येते. दोघाईकडं नाई पाहता येत.”

“मी आहे ना संगं.”

“तुमी रविवारी येता,” सुचिता म्हणाली. आवाजात राग नव्हता.

महामायानं सुई कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. सिंधूताईनं तिच्यापुढं चहा ठेवला, पण वर पाहिलं नाही.

अश्वजित मार्चमध्ये गेला. तेव्हा त्याला अडतिसावं चालू होतं. महामाया अजून दर रविवारी बसनं गावी जाते. दर वेळी सुचिताला पूनमच्या रक्ताचं विचारते, आणि सुचिता दर वेळी मान हलवून नाही म्हणते.