खाचरातलं ग्राउंड

सोनिवलीच्या दौलतरावांना समोर ऐकणारा मिळाला की झालं, बढाई सुरू. त्या वर्षी माघात असा ऐकणारा आयताच बांधावर आला. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे होणार, कारखाने कुठे आणि शेती कुठे राहणार, हे ठरवायला आराखड्याचे साहेब गावोगाव हिंडत होते. ते पोचले नेमके टूर्नामेंटच्या दिवशी. भात कापून झालं की दौलतरावांच्या मोठ्या खाचरावर रोलर फिरायचा, मांडव पडायचा, भोंग्यावर कॉमेंट्री चालायची. पहिलं बक्षीस बोकड.

"हे मैदान का?" साहेबांनी विचारलं.

क्रिकेट मंडळाचे तहहयात अध्यक्ष असलेल्या दौलतरावांची छाती फुगली. "मैदानच! असं ग्राउंड बदलापुरात दुसरं दाखवा. आमच्या बापापासून खेळतोय इथे!"

बापानं जन्मात बॅट धरली नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाला कुळगावात नगरपालिकेत आराखड्याचा नकाशा लागला. अंबरनाथला कारखान्यात लेथवर काम करणारा दौलतरावांचा मुलगा संतोष तो बघून आला आणि चुलीपाशी येऊन बोलला, "आई, आपलं शेत नकाशावर नाय. तिथे खेळाचं मैदान लिवलंय. कायमचं."

कौसाबाईची भाकर तव्यावरच करपली. या घरात करंडक दौलतरावांचे होते, पण शेत तिचं होतं. रोपांसाठी राब भाजण्यापासून कापणीपर्यंत ती राबायची आणि दुकानातला तांदूळ या घरात कधी शिजला नव्हता. याचा तिला भारी गर्व होता.

"अगं, मी आपलं बोलायला म्हणून बोललो," दौलतराव पुटपुटले.

"तुमच्या बोलण्यावर त्यांनी रंग मारला नकाशात! आता जा आणि सांगा, शेत आहे म्हणून."

"कुठल्या तोंडानं सांगू?"

शेवटी तीच गेली. साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, "हरकत-बिरकत मला लिहिता येत नाय. लावणीला या आणि मैदान बघून जा."

माणूस भला होता. छत्री घेऊन खरंच आला.

मैदानात पोटरीभर चिखल होता आणि त्यात सगळ्या टीमचे प्लेयर ओणवे होऊन रोपं लावत होते. सोनिवलीचा रिवाजच तसा. ज्याच्या खाचरावर कापणीनंतर खेळायचं, त्याच्या लावणीला एक दिवस यायचं. जी टीम आली नाही, तिचं नाव टूर्नामेंटच्या लॉट्सच्या चिठ्ठ्यांत पडत नसे. मागच्या वर्षी एका कॅप्टनला ताप होता, तर त्यानं बायकोला पाठवलं होतं आणि तिनं चौघांच्या बरोबरीनं लावणी केली होती.

साहेब पोट धरून हसले. "दौलतराव, पिच कुठे गेलं हो?"

दौलतरावांना एकदम बांधाला भोक पडल्याचं दिसलं आणि ते पाठ करून चिखल थापू लागले.

"शेतच आहे," साहेब म्हणाले. "नकाशातलं मैदान काढायला मी लिहितो. पण मावशी, एक सांगा. आराखडा वीस वर्षांचा आहे. पोरं कारखान्यात, चहूकडे बिल्डिंगी. तेव्हा इथे लावणी करणार कोण?"

गेली काही वर्षं लावणीत कंबर धरली की हाच प्रश्न कौसाबाईला छळायचा. संतोषला तिनं तो कधी विचारला नव्हता. तो 'नाय' म्हणाला तर काय करायचं, याची तिला भीती वाटायची. नकाशातून शेत गेल्याचं कळलं तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

"मी," मान वर न करता संतोष म्हणाला.

"आणि कारखाना?"

"लावणीला दुपारची सेकंड शिफ्ट मागून घेतो, साहेब. आताही तेच करतो. आईला वाटतं, सुपरवायझर आपणहून देतो." तो हसला. "विकतचा भात मला घशाखाली उतरत नाय."

धावत जाऊन पोराला चिखलासकट कवटाळावं, असं कौसाबाईला वाटलं. पण साहेब बघत होते, सगळ्या टीम बघत होत्या.

"मग रोपं एवढी दाट कशाला कोंबतोस?" ती खेकसली. "काढ ती, आणि परत लाव."