झाडाला कळवलं नाही

खांगने घरी फोन करून मागितलं ते इतकंच: रोज सकाळी अंगणाचा एक फोटो. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणापासून पुढच्या तेतपर्यंत, वर्षभर. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभं राहून, रोज त्याच जागेवरून. जपानात मासे कापायच्या कारखान्यात त्याचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसत, तेव्हा याला म्हणे घरचं अंगण बघायचं असे.

"अंगणाला काय सोनं लागलंय?" त्याच्या बहिणीने, न्युंगने विचारलं.

"काही लागलेलं नाही तेच बघायचंय, ताई. कोंबड्या, पाण्याचे रांजण, वाळत घातलेले कपडे. आणि झोळीत बाबा."

बाबा झोळीत असायचेच. पडवीचा खांब आणि दुधफळाचं झाड यांच्यामध्ये ती झोळी बांधलेली होती आणि सकाळची कॉफी झाली की म्हातारा तिच्यात आडवा पडून पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा देत बसे. ते झाड त्यांनीच लावलेलं. पानं वरून हिरवीगार, खालून तांब्यासारखी. फोनवर मात्र ते कधी यायचे नाहीत. फोनमध्ये माणूस वाकडा दिसतो, असं त्यांचं मत होतं, आणि एकदा झालेलं मत ते बदलत नसत.

न्युंगने फोटो काढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस कंटाळत, मग चूल पेटवण्याइतक्या सवयीने. खांग रोज एखादी ओळ लिहून पाठवी. लाल कोंबडी दिसली नाही, रांजणाचं झाकण बदललंत का, बाबांची झोळी फाटायला आली आहे.

आणि कडक उन्हाळ्यात एका दुपारी बाबा वाडीत पपनसाच्या बुंध्याशी पडलेले सापडले. हातात कोयता तसाच होता.

खांगला कळवायचं नाही, हे आईने प्रेत घरात असतानाच ठरवून टाकलं. मधेच सोडून आला तर त्याला परत घेणार नव्हते, दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. शिवाय म्हातारा स्वतःच म्हणून ठेवायचा, माझं काही झालं तरी पोराला मधून उठवू नका. न्युंगला ते पटलं नाही. पण आईपुढे ती ब्र काढू शकली नाही, आणि पुढे अळीमिळी गुपचिळीची सवयच लागली. खांगच्या नावाची सुतकाची पांढरी पट्टी घडी करून देव्हाऱ्यावर, उदबत्त्यांच्या भांड्यामागे ठेवली गेली.

या कालव्याकाठी घरधनी गेला की माणसांच्या डोक्याला पट्टी बांधतात तशी त्याने लावलेल्या झाडांनाही बांधतात. झाडाला कळवायला हवं. नाहीतर ते धन्याची वाट बघत राहतं आणि शेवटी त्याच्यामागे जातं. पलीकडच्या काठावरच्या मुई काकूंनी कापडाच्या चिंध्या फाडल्या. नारळींना बांधल्या, पपनसांना बांधल्या, अगदी पोपईलाही सोडलं नाही. दुधफळाजवळ आल्या तेव्हा आईने त्यांचा हात धरला.

"याला नको. हे फोटोत येतं."

मातीनंतर दुसऱ्या सकाळी न्युंगने रिकाम्या झोळीचा फोटो काढला. बाबा बाजारात गेलेत, ही थाप तिने तयार ठेवली होती. तिची गरजच पडली नाही.

खांगने लिहिलं होतं, "बाबा आज उशिरापर्यंत झोपलेत वाटतं. तो निळा सदरा नवा का?"

 निळा सदरा नवाच होता. खांग येईल तेव्हा घालायचा म्हणून शिवला होता आणि अंगावर चढला तो शवपेटीत ठेवताना.

आई भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी अंगातल्या सदऱ्याला पुसली. "दमलेला असतो पोरगा. मनात असेल ते दिसतं. झाकली मूठ राहिली ना, झालं तर." थोड्या वेळाने मात्र तिने मान वर न करता विचारलं, "आणखी काय म्हणाला? बरे दिसतात म्हणाला का?"

त्या दिवसापासून तेच चाललं. सकाळी न्युंग फोटो काढी, दुपारी खांगची ओळ येई, आणि आई हातातलं काम टाकून ती ऐकायला बसे. बाबांनी केस कापलेत. बाबा हसताहेत. न्युंग तोच फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा करी. झोळी रिकामी असे. फक्त मधोमध ती जरा जास्तच खाली आलेली वाटे, आणि वारा नसलेल्या सकाळीही कोंबड्या तिच्याखालून जायच्या नाहीत, वळसा घालून जायच्या. न्युंगला भीती वाटायला लागली होती. पण रविवारी आई फुलाफुलांचा सदरा घालून, देव्हाऱ्यावरचा बाबांचा फोटो दिसू नये अशी बसून खांगशी बोले, तेव्हा तिचा चेहरा इतका उजळलेला असे की न्युंगची भीती तोंडातल्या तोंडात राही.

ऐन पावसात, जेव्हा त्या झाडावर एक फळ दिसायचं नाही तेव्हा, दुधफळ लगडून गेलं. आईने फळं उतरवली नाहीत. "त्यांना पाडाची आवडतात, राहू देत," म्हणाली. 

मग खांगच्या ओळी बदलल्या. बाबा झोळीत उठून बसलेत. बाबा कॅमेऱ्याकडे का बघतात, कधी बघायचे नाहीत. बाबा आज रांजणापाशी उभे होते. तू त्यांना इतकं जवळ का उभं करतेस ताई, अर्धा फोटो निळा दिसतोय.

पाऊस सरता सरता त्याने लिहिलं, "हात पुढे करतात. फळं पिकली, ये म्हणतात. इथलं जेवण आता घशाखाली उतरत नाही."

त्या रविवारी व्हिडिओवर खांगचे गाल बसलेले दिसले. कामावर दोनदा चक्कर येऊन पडला होता. डॉक्टरला काही सापडत नव्हतं. "मला बरं वाटतंय पण," तो म्हणाला, "बाबा रोज भेटतात ना." तो हसला, आणि ते हसू न्युंगला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुई काकू मीठ मागायला आल्या आणि अंगणातच थबकल्या. दुधफळाची पानं गळत होती. त्या पानांचा तांबूस खच पडला होता, फांद्या वरून सुकत आल्या होत्या. वाडीतली बाकीची झाडं हिरवीगार होती.

"याला पट्टी बांधायची राहिलीच का गं शेवटपर्यंत?"

"फोटोत येतं म्हणून," न्युंग म्हणाली.

"अगं म्हणजे याला अजून ठाऊकच नाही. वाट बघून दमलं आणि निघालं त्याच्यामागं." मुई काकूंनी खोडावर हात ठेवला. "कुणालाही अंधारात ठेवू नये बाई. न सांगितलेला माणूस काय, झाड काय, मेलेल्याचा हात सोडत नाही."

मीठ घ्यायचं विसरून त्या गेल्या. न्युंग तिथंच उभी राहिली. या घरात न सांगितलेले दोघं होते, आणि दोघंही वाळत होते. इतके महिने तिने फोटो काढले आणि एवढी साधी गोष्ट तिला दिसली नव्हती. तिला स्वतःचाच राग आला.

ती देव्हाऱ्याकडे गेली आणि भांड्यामागची पट्टी काढली. आईने दारातच तिला अडवलं.

"ठेव ती."

"आई, तो मरेल."

"तेतला येईलच. थोडेच दिवस राहिलेत."

"झाड बघितलंस? तेवढे दिवस नाहीत त्याच्याकडे."

"तू सांगितलंस तर ते जातील," आई म्हणाली.

न्युंग तिच्याकडे बघत राहिली. आईला आपल्या तोंडून काय निघालं ते कळलं, पण तिने ते मागे घेतलं नाही. खांगच्या ओळींत तिचा नवरा रोज जेवत होता, हसत होता, केस कापून घेत होता. जी बाई नवरा गेल्यावर एकदाही मोकळेपणी रडली नव्हती ती का रडली नव्हती, ते न्युंगला आता समजलं. तिला आईची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, राहू द्यावं.

मग तिला खांगचे गाल आठवले. तिने आईला हाताने हलकेच बाजूला केलं.

मुई काकूंनी उरलेल्या चिंध्या पडवीच्या आढ्याला खोचून ठेवल्या होत्या. न्युंगने त्यातली एक दुधफळाच्या खोडाला बांधली. तोंड खोडाला लावून ती झाडाला म्हणाली, "बाबा गेले. उन्हाळ्यातच गेले." खांगची पट्टी उलगडून तिने झोळीत ठेवली. मग उंबरठ्यावर, नेहमीच्या जागी उभं राहून तिने फोटो काढला आणि पाठवला.

आई चुलीपाशी पाठ करून बसली.  दुपारी फोन वाजला.

"ताई," खांग म्हणाला. त्याच्यामागे यंत्रांची घरघर होती. "झाडाला पट्टी कुणाची?"

तिने सांगितलं. दिवस सांगितला, पपनसाचं झाड सांगितलं, निळा सदरा सांगितला. तो लहान असताना रडायचा तसा नाकातून श्वास ओढत रडायला लागला. न्युंगला वाटलं, आता हा जेवेल.

आईने येऊन तिच्या हातातला फोन घेतला.

"खांग, आजचा फोटो नीट बघ. झोळीत आहेत ना?"

"नाहीत, आई. माझी पट्टी आहे फक्त."

"रांजणापाशी?"

"नाहीत."

"उंबरठ्यापाशी बघ. काल जवळ होते म्हणालास."

"आई, कुणीच नाहीये."

आईने फोन न्युंगच्या हातात दिला आणि ती अंगणात उतरली. झोळीची गाठ बाबांनी मारलेली होती, ती सोडवायला तिला वेळ लागला. सोडवण्याआधी तिने झोळीत तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली. "आत्ताच उठलेत."

मग ती गळलेल्या पानांत बसली आणि तिने असा टाहो फोडला की पलीकडच्या काठावरून मुई काकू हातातलं काम टाकून होडीत बसल्या. जपानात खांगलाही ते सगळं ऐकू येत होतं, कारण फोन बंद करायचं न्युंगच्या ध्यानातच आलं नव्हतं.