चार वेळा नऊ इंच

त्या मंगळवारी सकाळी डार्लीनच्या खानावळीच्या भिंतीवर अकरा हेल्मेटं होती, काचेमागे सहा जर्सी, डाव्या पायाचा एक बूट आणि बरणीत ठेवलेला एक पुढचा दात. दात कुणाचा, यावरून गावातल्या दोन कुटुंबांत अजून अबोला होता. टेबलं बारा. प्रत्येक टेबलावर चार कागदी मॅट, आणि प्रत्येक मॅटवर पडलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जुन्या खेळाडूंबद्दल चौदा प्रश्न. उत्तरं तळाशी, उलटी छापलेली.

व्हर्न ह्राबिक नवव्या प्रश्नाच्या पुढे सरकायला तयार नव्हता. अंडी गार झाली होती. टेबलाखाली त्याचा उजवा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता आणि कपातली कॉफी थरथरत होती. संघाच्या इतिहासात चाळीस यार्ड सगळ्यांत हळू कोण धावलं, असा तो प्रश्न होता. मॅट उलटं करायची त्याला गरज नव्हती. उत्तर तो स्वतः होता. पाच पूर्णांक नऊ सेकंद.

"ते चाळीस यार्ड नव्हते," तो म्हणाला.

समोर लॉनी प्रुएट पॅनकेकवर पाक ओतत होता. प्रश्न त्यानेच काढले होते, दर वर्षी तोच काढायचा. दोघं एका कॉलेजातले, एकाच वसंतात पडलर्सनी उचललेले. लॉनी चेंडू काखेत घेऊन पळायचा आणि व्हर्न, संघाचा सेंटर, त्याच्यापुढची माणसं बाजूला सारायचा. नऊ हंगाम असे गेले. आता दोघांनी सत्तरी ओलांडली होती. बर्फातल्या सामन्यात शेवटची किक कुणी मारली, कुठल्या प्रशिक्षकाने कुठल्या गावी टोपी चावून खाल्ली, असलं काही अडलं की लोक लॉनीला फोन लावायचे. लॉनीचं डोकं म्हणजे संघाचं कपाट, आणि ते कधी बंद नसतं, असं गावात म्हणायचे.

"चाळीस नव्हते तर काय होते, पाऊण मैल?" लॉनीने विचारलं. "तुझा वेग बघून लोकांना तसं वाटलं असेल खरं."

व्हर्नने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याचा पाय क्षणभरही थांबला नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पावसातल्या सामन्यात खेळाडूंचा एक ढीग सीमारेषेबाहेर लोळत गेला होता. अंतर मोजायची साखळी, दहा यार्डांची, दोन टोकांना दोन काठ्या असलेली, तिथेच पडली होती. व्हर्नच्या बुटाखाली ती मधोमध तुटली. सामान सांभाळणाऱ्या ऑझी क्लेमने आपल्या कुत्र्याच्या पट्ट्याचा तुकडा लावून ती जोडली. तुकड्याला पितळी चाप होता. व्हर्नने वीत लावून पाहिली होती, बरोबर एक वीत, नऊ इंच. ती साखळी मग सामन्यांतून बाद झाली आणि सरावाच्या खोपटात पडून राहिली. वसंतात पडलर्सची माणसं पोरांची धावण्याची वेळ मोजायला आली, तेव्हा नवी साखळी कार्यालयात कुलूपबंद होती. ऑझीने जुनीच आणली, चार वेळा टाकली आणि दोन्ही टोकांना खुणेसाठी लोखंडी नळ काँक्रीटमध्ये रोवले. चार वेळा नऊ इंच म्हणजे छत्तीस. पूर्ण एक यार्ड जास्त.

लॉनी काटा हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, साखळी कधी तुटलीच नाही. तो सामना त्याला चांगला आठवत होता, त्यात त्याने दोनदा चेंडू पार नेला होता. ऊन होतं. दातांत धूळ कचकचत होती.

"पाऊस होता, लॉनी."

"धूळ होती, लेका. आणि जरा विचार कर. धावायची पट्टी लांब असेल तर मीही तेवढंच जास्त धावलो. माझे साडेचार सेकंद उतरून चार पूर्णांक चारच्या खाली येतात. मग मी कशाला नाही म्हणीन? तू खरा ठरलास तर मी गावभर मिरवीन. पण नव्हता रे कुत्र्याचा पट्टा. ऑझीकडे कुत्राच नव्हता."

डार्लीन कॉफीचं भांडं घेऊन आली होती. तिने बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडलं. रविवारी जुन्या खेळाडूंचं जेवण होतं, त्यासाठी मॅट पुन्हा छापायला जायचीच होती. एक यार्ड जास्त धरलं तरी व्हर्नची वेळ पाच पूर्णांक शहात्तर येते आणि त्याच्या वरचा ऑस्ट्रँडर पाच पूर्णांक सातचा आहे, असं तिने दाखवलं. "अहो, तुम्ही लाख खरे असाल, तरी शेवटून पहिलेच राहता. मग एवढा जीव कशाला जाळताय?"

"मला माहीत आहे," व्हर्न म्हणाला. तो उठून काचेपर्यंत गेला, बूट पाहिला आणि परत येऊन बसला.

त्याला वेगाचं काहीच पडलं नव्हतं, पण ते डार्लीनला सांगण्यासारखं नव्हतं. मागच्या गुरुवारी त्याची बायको जॉइस त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मग शब्द परत विचारले. घोडा, पितळ. पुढे नुसती पांढरी भिंत. परत येताना जॉइसने गाडीतला रेडिओही लावला नाही. तेव्हापासून तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. त्याच्यासोबत पुढच्या फळीत खेळलेले दोघे शेवटी स्वतःच्याच बायकोला 'मॅडम' म्हणू लागले होते. आणि आता ही साखळी. तो चाप त्याला इतका स्वच्छ दिसत होता की त्यावरचा हिरवा गंजही सांगता आला असता. हे जर त्याच्या डोक्याने मागाहून रचलेलं असेल, तर मग आणखी काय काय रचलेलं आहे?

"नळ अजून तिथंच आहेत," तो म्हणाला. "चर्चवाले त्यांना दिव्यांच्या माळा बांधतात. चल, मोजू."

लॉनीने पॅनकेक संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, चल. डार्लीनने नवऱ्याची छपराच्या कामाची पोलादी टेप दिली. ती शंभर फुटांची होती.

ते लॉनीच्या पिकअपमधून निघाले. कॉलेज बंद पडून वीस वर्षं झाली होती, मैदान आता चर्चकडे होतं. लॉनी वाटेत बोलतच होता. ऑस्ट्रँडरने हॉटेलच्या न्हाणीत सुसर कशी ठेवली होती, आणि ती सुसर नसून मोठी पाल कशी निघाली. धान्याच्या कोठाराजवळचं, मैदानाकडे जाणारं वळण आलं आणि मागे गेलं. व्हर्नने त्याच्याकडे पाहिलं. लॉनी अजून पालीचंच सांगत होता. दोन मैलांवर नदीचा पूल दिसला तेव्हा तो मध्येच थांबला, हसला आणि म्हणाला, "बोलू नये माणसानं गाडी चालवताना." त्याने गाडी वळवली.  व्हर्नचा पाय आता गाडीच्या पत्र्यावर वाजत होता.

नळ होते. दोन्हींना चर्चने पांढरा रंग दिला होता, वरच्या टोकाला तारेचे हूक होते. पानांचा ओला थर होता आणि वारा तळ्याकडून सरळ अंगावर येत होता. व्हर्नने टेपची पेटी पहिल्या नळाच्या मध्यावर धरली. लॉनी टोक घेऊन चालत गेला. त्याची चाल अजून हलकी होती, पाठीमागून पाहिलं तर माणूस पन्नाशीचा वाटावा. शंभर फुटांवर त्याने जमिनीत स्क्रूड्रायव्हर रोवला आणि हात वर केला.

व्हर्न खरा असेल तर आता तेवीस फूट उरायला हवे होते, म्हणजे एकूण एक्केचाळीस यार्ड. लॉनी खरा असेल तर वीस, म्हणजे बरोबर चाळीस.

व्हर्न टेप गुंडाळत स्क्रूड्रायव्हरपाशी आला आणि तिथेच उभा राहिला. सकाळपासून त्याने एकच बाजू पाहिली होती. वीस निघाले तर काय, एवढंच. तेवीस निघाले तर काय, हे त्याने पाहिलंच नव्हतं. एकाला पाऊस आठवत होता, दुसऱ्याला धूळ. एकाच्या डोक्यात ऑझीचा कुत्रा होता, दुसऱ्याच्या डोक्यात नव्हता. दोघांपैकी एकाचं कपाट रिकामं होत चाललं होतं आणि ते कुणाचं, हे पुढच्या काही पावलांवर ठरणार होतं. त्याच्या मनात लॉनीचं मघाचं चुकलेलं वळण आलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "थंडी आहे. डार्लीनला सांगू, चाळीसच निघाले."

लॉनी दुसऱ्या नळाकडे पाहत होता. "तू डॉक्टरकडे जाऊन आलास ना गुरुवारी?"

"कुणी सांगितलं?"

"जॉइसनं. तिला वाटलं मी तुझ्याशी बोलावं. शहाणा माणूस म्हणून." तो हसला, पण हसू तोंडावर ठरलं नाही. "मला कुणी नेत नाही, व्हर्न. मला कोण नेणार? सगळे मलाच फोन करून विचारतात."

"म्हणून म्हणतो, राहू दे."

"नऊ वर्षं तू माझ्यापुढं उभा राहिलास. माझ्या अंगावर यायचं ते तू तुझ्या अंगावर घेतलंस. आता बास कर." त्याने व्हर्नच्या हातातून टेपची पेटी घेतली. "टोक धर इथं. आणि खोटं धरू नकोस, मला कळतं."

व्हर्न गुडघ्यावर बसला. गुडघा कडकडला. त्याने टेपचं टोक स्क्रूड्रायव्हरच्या दांडीशी लावलं आणि अंगठ्याने दाबून धरलं.  लॉनी चालत गेला. टेप पानांवरून सरकल्याचा आवाज आला, मग ती वर उचलली गेली, ताठ झाली, वाऱ्यात गुणगुणली.

लॉनी नळाशी वाकला. चष्मा कपाळावर सारला.  मग त्याने टेप सैल सोडली, पुन्हा ताणली आणि पुन्हा वाकला.

"घट्ट धरलंयस ना?" त्याने विचारलं.

"धरलंय."

लॉनीने वाचून दाखवलं. तेवीस फूट, एक इंच.